कार्ड येईपर्यंत सोस?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे ओळखीच्या एक काकू आल्या होत्या. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, बाकीच्या बायका एकेक करून उठल्या, तरी या बसूनच राहिल्या. काहीतरी बोलायचं आहे हे कळत होतं. चहा ठेवला. मग हळूहळू विषय निघाला.

काकूंची लेक दीड वर्षापूर्वी लग्न होऊन अमेरिकेला गेली. जावई तिथला नागरिक. लग्न झालं तेव्हा सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. आता लेक रात्री-अपरात्री फोन करते आणि न बोलता नुसती रडते. नवरा पगाराचा आकडा सांगत नाही, बँकेचं कार्ड हातात देत नाही, आणि दोनदा हातही उचलला. तिने काही उलट बोललं की त्याचं एकच वाक्य ठरलेलं : "जास्त बोललीस तर कागदावर सही करणार नाही. मग जा परत तुझ्या गावाला."

"तिचं कार्ड दोनच वर्षांचं आहे म्हणे," काकू सांगत होत्या. "पुढचं मिळायला दोघांची सही लागते. मी तिला सांगितलं, बाळा, कार्ड येईपर्यंत सोस. एकदा पक्कं कार्ड हातात आलं की मग बघू. बरोबर सांगितलं ना हो ताई?"

आणि मी म्हणाले, "हो, दुसरं काय करणार?"

त्या गेल्या, पण माझं मन काही ठिकाणावर येईना. आपण एका मुलीला अजून सहा महिने मार खायला सांगितलं की काय? तेही ज्या गोष्टीची आपल्याला नीट माहितीच नाही, तिच्या भरवशावर? दुसऱ्या दिवशीपासून मी माहिती काढायला लागले. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला पिडलं, तिकडच्या सरकारचे नियम वाचून काढले. जे कळलं त्यावरून एवढं नक्की की मी काकूंना चुकीचं सांगितलं होतं. म्हणूनच आजचा हा लेख. कारण असं सांगणारी मी एकटी नाही. आज महाराष्ट्रातल्या लहान लहान गावांतूनही मुली परदेशी जातात, आणि मागे राहिलेल्या आया, मावश्या, वहिन्या फोनवरून सल्ले देत असतात. सल्ला द्यायचा तर तो माहितीवर द्यावा.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घेऊ. "मुलगी अमेरिकेत आहे" या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या परिस्थिती लपलेल्या असतात. घटस्फोटाचा परिणाम त्या प्रत्येकीत निराळा होतो.

पहिली परिस्थिती आपल्या मुलींच्या बाबतीत फार वेळा दिसणारी. नवरा नोकरीच्या, म्हणजे एच-१बी व्हिसावर, आणि बायको त्याची बायको म्हणून एच-४ व्हिसावर. हिचा तिथे राहण्याचा सगळा हक्क या नात्यावर उभा असतो. घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा झाला की ती त्या व्हिसाची उरत नाही. मग तो हुकूमनामा तिथल्या कोर्टाचा असो की आपल्या इथल्या कुटुंब न्यायालयाचा. नुसतं वेगळं राहिल्याने मात्र हा दर्जा जात नाही, घटस्फोट पक्का झाला की जातो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण मुलीला तिथेच राहायचं असेल, शिकायचं असेल, स्वतःच्या नावावर नोकरीचा व्हिसा मिळवायचा असेल, तर त्यासाठीचा अर्ज हुकूमनाम्याच्या आधी जायला हवा. वकिलाला पहिल्या दिवशीच सांगायचं, "मी एच-४ वर आहे, तारखेचा विचार करून पावलं टाका." घटस्फोटाचा वकील आणि व्हिसाचा वकील हे दोन निराळे असतात. पहिल्याला दुसऱ्याचं काम ठाऊक असेलच असं नाही. आणि काहीच न करता मुदत उलटून राहिलं तर तेही महागात पडतं. सहा महिन्यांच्या वर विनापरवाना राहून मग देश सोडला तर तीन वर्षं, आणि एक वर्षाच्या वर राहून सोडला तर दहा वर्षं परत जाण्यावर बंदी येऊ शकते.

दुसरी परिस्थिती रांगेत उभ्या असलेल्यांची. नवऱ्याच्या कंपनीने त्याच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला असतो आणि बायकोचं नाव त्याच्या मागे जोडलेलं असतं. तिथल्या कायद्याप्रमाणे दरवर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतातून जाणारे एवढे, की ही रांग वर्षानुवर्षं हलत नाही. बायको दहा-दहा वर्षं रांगेत उभी असते, पण रांगेतली जागा तिची नसतेच, ती नवऱ्याची असते. तिचं स्वतःचं कार्ड मंजूर होण्याच्या आधल्या दिवशी जरी घटस्फोट पक्का झाला, तरी ती रांगेबाहेर. मंजूर झाल्यानंतर झाला तर मात्र ते कार्ड तिचंच राहतं. दहा वर्षं त्याच्या घरचा स्वयंपाक केला, त्याची मुलं वाढवली, त्याने नोकरी बदलली तेव्हा गाव बदललं, या कशाचीही नोंद त्या रांगेत होत नाही. २०१५ पासून एवढी एक सोय झाली की, ज्यांच्या नवऱ्याच्या अर्जाचा मधला टप्पा मंजूर झालेला आहे अशा एच-४ बायकांना नोकरीची परवानगी मागता येते. ज्यांना ती मिळू शकते त्यांनी जरूर घ्यावी. हातात चार पैसे असलेली बाई आणि नसलेली बाई यांच्यासमोर संकट एकच असलं तरी वाटा वेगळ्या असतात.

तिसरी परिस्थिती आमच्या काकूंच्या लेकीची. नवरा अमेरिकेचा नागरिक. कार्ड मिळायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर मिळणारं कार्ड अटीचं असतं, दोन वर्षांच्या मुदतीचं. हा नियम १९८६ सालच्या कायद्याने आला. नुसतं कार्डासाठी खोटी लग्नं लावली जात होती, त्यांना आळा घालण्यासाठी. तशी लग्नं लावणाऱ्याला आजही पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तर ही दोन वर्षं संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून एक अर्ज द्यायचा असतो. त्याचं नाव आय-७५१. त्यावर दोघांच्या सह्या. जावयाच्या तोंडी जी "सही" आहे ती हीच.

आता नीट ऐका. ही सही नसली तर सगळं संपलं, असं मुळीच नाही. कायद्यातच सूट ठेवलेली आहे. लग्न खरं होतं, संसार करण्यासाठीच केलं होतं, पण पुढे घटस्फोट झाला, असं असेल तर बाई एकटीच्या सहीने तोच अर्ज देऊ शकते. नवऱ्याने मारहाण केली किंवा अतोनात छळ केला असेल तर घटस्फोट झालेला नसतानाही एकटीने अर्ज देता येतो. नवरा वारला असेल तरी देता येतो. शिवाय या सुटीच्या अर्जाला नव्वद दिवसांची वाट पाहावी लागत नाही, आधीही करता येतो. सुरुवातीला दोघांनी मिळून अर्ज केला आणि मध्येच घटस्फोट झाला, तर तोच अर्ज सुटीखाली चालवा असं सांगता येतं. करायची नाही ती एकच गोष्ट, अर्जच न देणं. मुदत संपेपर्यंत काहीच दिलं नाही तर मात्र दर्जा आपोआप जातो. नवरा सही करत नाही म्हणून मुली गप्प बसतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

म्हणजे "कार्ड येईपर्यंत सोस" या सल्ल्यात काय चूक झाली ते बघा. मारहाण झाली असेल तर कायदा म्हणतो, सोसू नकोस, पुरावा आण. आणि आपण म्हणतो, पुरावा राहू दे, सोस. ज्या दिवशी हात उचलला गेला त्या दिवशी ती डॉक्टरकडे गेली असती, पोलिसांना फोन केला असता, शेजारणीला सांगितलं असतं, तर तोच कागद पुढे तिच्या कामी आला असता. आपण तिला घराची अब्रू सांभाळायला सांगितली आणि तिचा पुरावा आपल्याच हाताने पुसला.

चौथी परिस्थिती पक्क्या कार्डाची. दहा वर्षांचं, बिनअटीचं कार्ड हातात आलं की ते बाईचं स्वतःचं. घटस्फोटाने ते जात नाही. नवरा फोन करून, पत्र लिहून ते "रद्द" करू शकत नाही. सरकारला काढून घ्यायचं असलं तरी तिला आपलं म्हणणं इमिग्रेशन न्यायाधीशासमोर मांडता येतं. फरक पडतो तो नागरिकत्वाच्या मुदतीत. कार्ड मिळाल्यावर साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल आणि दोघं तीन वर्षं एकत्र संसार करत असतील तर तीन वर्षांनीच करता येतो. शपथ घ्यायच्या आधी घटस्फोट झाला की ही तीन वर्षांची सवलत जाते आणि पाच वर्षं पुरी करावी लागतात. म्हणजे नागरिकत्व हातचं जात नाही, दोन वर्षं लांबतं. अटीच्या कार्डावर काढलेली वर्षंही त्या पाचात धरली जातात. आणि ज्या बाईला नागरिक नवऱ्याच्या छळामुळे सूट मिळून कार्ड मिळालं, तिला घटस्फोटानंतरही तीन वर्षांची सवलत राहते. एकदा नागरिकत्व मिळालं की पुढे घटस्फोट झाला म्हणून ते कुणी काढून घेत नाही. लग्नच खोटं होतं, कागद खोटे होते, असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी.

या चारही परिस्थितींना पुरून उरणारी एक गोष्ट म्हणजे छळ सोसणाऱ्या बायकांसाठीचा कायदा. अमेरिकेत १९९४ साली स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. नवरा नागरिक किंवा पक्का कार्डधारक असेल आणि छळ करत असेल, तर बाई त्याला न सांगता, त्याच्या सहीशिवाय, स्वतःसाठी अर्ज करू शकते. घटस्फोट झाला असेल आणि त्यामागे हाच छळ असेल, तरी तिला दोन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. या अर्जाची माहिती सरकारने नवऱ्याला द्यायची नाही, असा नियमच आहे. नवरा नुसताच एच-१बी वर असेल तर हा अर्ज चालत नाही, पण छळ झालेल्या एच-४ बायकोला नोकरीच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करता येतो. गंभीर गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि पोलिसांना तपासात मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी यू व्हिसा आहे, त्यात नवऱ्याचा दर्जा कुठला हा प्रश्नच नाही. आणि हो, या कायद्यांचं नाव बायकांचं असलं तरी छळ सोसणाऱ्या नवऱ्यालाही त्यांचा आधार घेता येतो. आपल्यातल्या काही जणी मुलांच्या आया आहेत, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आणखी एक कागद फारच थोड्या जणींना ठाऊक असतो. बायकोसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करताना नवऱ्याला तिच्या पोषणाचं हमीपत्र सरकारला लिहून द्यावं लागतं, त्याला आय-८६४ म्हणतात. सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के इतकं तरी तिच्या राहणीचं मान ठेवीन, अशी ही हमी. घटस्फोटाने ही हमी संपत नाही! ती नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांइतकं काम तिच्या खात्यावर जमा होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत नवरा त्याला बांधलेला असतो, आणि ती त्यासाठी कोर्टात जाऊ शकते. "घटस्फोट घेतलास तर रस्त्यावर येशील" असं म्हणणाऱ्यानेच आधी या कागदावर सही केलेली असते. ती सही मात्र तो कधी बोलून दाखवत नाही.

आता आपल्या बाजूचं बोलू. कारण कित्येक जणींचं नाटक तिकडे नाही, इकडेच घडतं. "दोन महिने माहेरी राहून ये" म्हणून नवरा तिकीट काढून देतो, विमानतळावर सोडायलाही येतो. इथे आल्यावर फोन उचलत नाही. पासपोर्ट, कार्ड त्याच्याकडेच राहिलेलं असतं. आणि चार-सहा महिन्यांनी टपालाने तिकडच्या कोर्टाची नोटीस येते. अशा वेळी दिवस मोजावे लागतात. ग्रीन कार्डवाली बाई वर्षाहून जास्त बाहेर राहिली तर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. सहा महिन्यांहून जास्त राहिली तर नागरिकत्वाच्या वर्षांच्या हिशेबात खोडा येतो. आपण मात्र "तो येईल न्यायला" म्हणून वाट पाहत बसतो. आजी म्हणते दिवाळी होऊ दे, मामा म्हणतो पाडवा होऊ दे, आणि वर्ष निघून जातं.

त्या नोटिशीचं काय करायचं? ती फाडून टाकायची नाही आणि देव्हाऱ्यामागे लपवायचीही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगून ठेवलंय की, परदेशी कोर्टाचा घटस्फोट आपल्याकडे कधी मानायचा याला मर्यादा आहेत. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यातलं कारण हवं, त्या कोर्टाला अधिकार हवा, बायकोला आपलं म्हणणं मांडायची खरीखुरी संधी मिळालेली हवी. त्यामुळे एकतर्फी मिळवलेला तिकडचा घटस्फोट इथे टिकेलच असं नाही. पण गंमत बघा, कसली गंमत, चेष्टाच म्हणायची : इथे टिकला नाही तरी तिकडे तो टिकू शकतो, आणि व्हिसा तर तिकडचाच. म्हणजे ती इथे लग्नाची आणि तिथे घटस्फोटाची. म्हणून नोटीस आली की दोन्हीकडच्या वकिलाला दाखवायची आणि उत्तर कसं द्यायचं ते विचारायचं. कुठल्याही कागदावर "नुसती पोच म्हणून" सही करायची नाही.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका फसवल्या गेलेल्या मुलीच्या खटल्यात सरकारला सुचवलं होतं की, भारतात झालेलं लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेतून पुरेशी पोटगी मिळावी, आणि इथल्या कोर्टाचा पोटगीचा हुकूम तिकडेही बजावता यावा, असा कायदा करा. २००९ साली विधी आयोगाने याच विषयावर अहवाल दिला. २०१९ साली अनिवासी भारतीयांच्या लग्नाची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने पुन्हा अहवाल दिला : अशा सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, पासपोर्टावर वैवाहिक स्थिती आणि लग्नाचा नोंदणी क्रमांक घाला, नवरा-बायकोचे पासपोर्ट एकमेकांना जोडा. १९९४ साली जन्मलेली मुलगी आज स्वतः आई झाली असेल. तिच्या जन्माच्या वर्षी जे मागितलं गेलं ते अजून कागदावरच आहे. परदेशातून येणाऱ्या पैशांचं, तिथे नाव काढणाऱ्या आपल्या माणसांचं सरकारला कौतुक असतं, ते असावंही. पण त्याच विमानाने परत आलेल्या आणि फोन न उचलणाऱ्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या मुलींचा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा. हा अग्रलेख लिहिण्याचं ते एक कारण आहे.

आणि दोष फक्त तिकडच्या कायद्याला देऊन मोकळं होता येणार नाही. आपलाही कायदा फारसा वेगळा नाही. परदेशी व्यक्तीला भारतीय नागरिकाशी लग्न केल्यावर इथलं नागरिकत्व मागायचं तर अर्जाआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय कार्ड घटस्फोट झाल्यावर रद्द होऊ शकतं. जगात बहुतेक ठिकाणी लग्नाच्या वाटेने आलेल्या माणसाला उंबऱ्यातच जास्त दिवस उभं करतात. काही देश शहाणे झाले. कॅनडाने २०१२ साली अशीच दोन वर्षांची अट आणली होती. छळ सोसणाऱ्या बायका त्या अटीपायी घर सोडायला घाबरतात, हे लक्षात आल्यावर २०१७ साली ती काढून टाकली. अट काढता येते, याचं हे उदाहरण आहे.

मुलं असतील तर प्रकरण आणखी नाजूक. अमेरिकेत जन्मलेलं मूल तिथलं नागरिक असतं, पण ते एकवीस वर्षांचं होईपर्यंत आईसाठी अर्ज करू शकत नाही. त्यामुळे "मूल झालं की कार्ड पक्कं" हा आपल्याकडचा समज साफ खोटा आहे. संसार सावरायला म्हणून मूल होऊ देण्याचा सल्ला जशा आपण देतो, तसा कार्डासाठी म्हणूनही देतो. दोन्ही तितकेच वाईट. आणि रागाच्या भरात नवऱ्याला न विचारता मुलाला घेऊन भारतात निघून आलं, तर तिकडे तो गुन्हा ठरू शकतो आणि पुढे मुलाचा ताबा मिळणं अवघड होतं. माहेरी यायचं असलं तरी आधी वकिलाला विचारूनच विमानात बसायचं.

मैत्रिणींनो, आपण मुलीच्या लग्नात किती बारकाईने चौकशी करतो! गोत्र बघतो, पत्रिका बघतो, नाडी जुळते का बघतो, मुलाचा पगार डॉलरात किती आणि रुपयांत किती याचाही गुणाकार करतो. मग एक प्रश्न आणखी विचारायला काय हरकत आहे? "मुलगा कुठल्या व्हिसावर आहे? आमची मुलगी कुठल्या व्हिसावर येईल? तिला नोकरी करता येईल का, आणि कधीपासून?" जो मुलगा या प्रश्नाने रागावतो, त्याचा राग लग्नाआधीच कळला हे बरंच झालं. लग्न झाल्यावर नोंदणीला आळस करू नये. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली नोंदणी सक्तीची करायला सांगितलं आहे. नोंदणीच्या दाखल्याच्या दोन प्रती माहेरी ठेवा.

मुलगी निघाली की लोणची-मसाल्यांच्या पुड्यांबरोबर एक साधी फाइलही तिच्या हाताने करून घ्या. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रं, या सगळ्याच्या छायाप्रती. एक संच माहेरी, एक तिच्या स्वतःच्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक. तिकडे गेल्यावर जिथे शक्य तिथे तिचं नाव लागू दे : घराच्या भाडेकरारावर, बँक खात्यावर, विम्यावर, कराच्या विवरणावर. दोघांचे फोटो, सणावाराची पत्रं, शेजाऱ्यांच्या ओळखी हेही जपायचं. लग्न खरं होतं हे पुढे कधी दाखवायची वेळ आली तर हाच पुरावा असतो. वेळ आली नाही तर उत्तमच, संसाराच्या आठवणी म्हणून राहील. आणि घर सोडावं लागलं तर दहा दिवसांच्या आत नवा पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवायचा. नाहीतर सरकारी पत्रं नवऱ्याच्या पेटीत पडत राहतात आणि तारखा निघून जातात.

मदत कुठे मागायची? अमेरिकेत आपल्याकडच्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था जुन्या आहेत. न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून, न्यूयॉर्कला 'सखी' १९८९ पासून, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'मैत्री' १९९१ पासून. आपली भाषा, आपलं सासर-माहेर त्यांना समजावून सांगावं लागत नाही. भारतीय वकिलातीकडे अडचणीतल्या नागरिकांसाठी कल्याण निधी असतो. इकडे असाल तर राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या लग्नांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. आणि वकील हा शेवटी गाठायचा माणूस नव्हे, पहिल्यांदा गाठायचा. इथे वाचलेलं वाट दाखवण्यापुरतं. नियम बदलत असतात आणि प्रत्येकीच्या कागदांची गोष्ट निराळी असते.

मी काकूंकडे गेले. या वेळी हळदीकुंकू नव्हतं, काही निमित्तही नव्हतं. सरळ म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी चुकीचं बोलले." सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोन वेळा विचारलं, "म्हणजे त्याच्या सहीशिवाय होतं?" मी म्हटलं, "होऊ शकतं. सोपं नाही, पण होऊ शकतं." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी तिला इतके दिवस सोस म्हणत होते. तिला वाटलं असेल, आईलाही माझ्यापेक्षा कार्डच मोठं."

त्या रात्री त्यांनी लेकीला फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ती संसार करेल की मोडेल, तिथे राहील की परत येईल, हा तिचा निर्णय आहे, तिचाच असायला हवा. आपल्या हातात एवढंच होतं की तिच्या डोक्यावरची ती "सही"ची टांगती तलवार किती खरी आणि किती खोटी, हे तिला सांगायचं. पुढच्या वेळी तुमच्याकडे कुणी काकू अशाच बसून राहिल्या, तर "सोस म्हणावं" असं म्हणण्याआधी एकदा विचारा, "तिचं कार्ड कुठलं आहे? कधीपर्यंतचं आहे? कागद कुणाजवळ आहेत?"